पंखा लागेपर्यंत

सकाळी कामावर निघायच्या गडबडीत एका चालू गाडीसमोर उभं राहायचं आणि तिच्या पोटातला पंखा कधी लागतो याची वाट बघायची, हे काम मी मढला राहत होते तोवर रोज केलं. पगार नव्हता आणि रजाही नव्हती. घरमालकीण स्टिअरिंगवर बसलेली असायची, मी बंपरपुढे. आतून घुर्रर्र असा आवाज आला की हात वर करून ओरडायचं, "लागला." मग ती मान हलवायची, इंजिनाच्या तापमानाचा काटा खाली येताना डोळे बारीक करून बघायची, पंखा पुन्हा बंद झाल्याचं माझ्याकडून वदवून घ्यायची, आणि मग कुठे मला गाडीत बसायची परवानगी मिळायची.

गाव तिला काकी म्हणायचं, म्हणून मीही काकी म्हणायला लागले. घरची होडी होती, होडीवर माणसं होती, आणि आलेला माल मालाडच्या बाजारात न्यायला ही पांढरी छोटी गाडी होती. पांढरी म्हणजे एकेकाळी. मागची सीट काढून तिथे बर्फाच्या पेट्या ठेवलेल्या. मी परभणीकडची, मालाडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. काकीच्या मागच्या खोलीत भाडेकरू म्हणून आले आणि बाजाराच्या वाटेवर लॅब पडते म्हणून तिच्या गाडीची कायमची प्रवासी झाले. माझ्या अंगाला बोंबलाचा वास येतो असं लॅबमधल्या मुली म्हणायच्या. रक्ता-लघवीच्या नमुन्यांत दिवस काढणाऱ्यांनी वासाबद्दल बोलू नये, असं मी त्यांना सांगत असे.

खोली मला सहज मिळाली नव्हती. एप्रिलच्या दुपारी मी पत्ता शोधत आले तेव्हा काकी ओट्यावर कोलंबी सोलत बसली होती. "बस गो," म्हणाली आणि पुन्हा सोलायला लागली. मी बसले. कोलंबी संपली, तिने दुसरी टोपली ओढली. माझ्याबरोबर अजून एक गृहस्थ खोलीसाठी आले होते, ते दर थोड्या वेळाने मोबाइलमध्ये बघून चक चक करत होते. माझंही डोकं तापलं होतं. उठून जावं असं वाटलं, पण उन्हात पुन्हा जेट्टीपर्यंत चालायचं जिवावर आलं. दाराशी माठ दिसला. मी न विचारता उठले, पाणी प्यायले, एक ग्लास त्या गृहस्थांना दिला आणि एक काकीपुढे ठेवला. काकीने कोलंबीतून मान वर काढली.

"तुमी जावा," ती त्यांना म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तू सामान कवा आनतेस?"

मला काही कळलं नाही. बऱ्याच महिन्यांनी तिने सांगितलं की ती माझा पंखा बघत होती. तापतात सगळेच, तिचं म्हणणं, त्यात काय वाईट नाय. तापल्यावर आपला आपण गार होतो का, तो बगायचा. ही परीक्षा ती सगळ्यांची घेई. नातीला बघायला मनोरीहून मुलगा आला, तर त्याला तिने मुद्दाम उपाशी बसवून ठेवलं. कालवण अजून झालं नाही, कालवण अजून झालं नाही, असं करत दुपार टळली. शेवटी तो बिचारा उठून आत गेला आणि खोबरं किसायला बसला. काकी बाहेर येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "चालंल." तिचं कानाशी म्हणणं शेजारच्या दोन घरांना ऐकू जायचं, त्यामुळे मुलाचा होकार-नकार यायच्या आधीच गल्लीत पोहे वाटून झाले.

तिच्या स्वतःच्या मुलाबद्दल, म्हणजे नातीच्या बापाबद्दल, मात्र तिचं मत वेगळं होतं. तो बोरिवलीला राहायचा, ऑफिसात चांगल्या जागेवर होता आणि शीघ्रकोपी होता. "माज्या पोराचा पंखा लहानपनीच जाम झालाय," असं ती त्याच्यासमोरही म्हणायची. मग तो आणखी तापायचा.

गाडीच्या पंख्याचं हे वेड कुठून आलं, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा नवरा असताना एकदा दोघं माल घेऊन निघाले. वाटेत एका बंगल्यावर शूटिंग होतं, त्यांच्या मोठाल्या गाड्यांनी रस्ता अडवलेला. रांग मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती आणि गाडीचा पंखा कधीचा बंद पडला होता, हे दोघांना माहीतच नव्हतं. वाफ आली तशी नवऱ्याने घाईघाईत उतरून रेडिएटरचं झाकण उघडलं. उकळतं पाणी उसळून त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. बर्फ वितळला, मासळी गेली, ते वेगळंच. हात बरा झाला, पण त्या हाताने त्याला पुन्हा जाळं नीट ओढता आलं नाही. त्यानंतर काकीने चाळिशी उलटल्यावर गाडी शिकून घेतली आणि स्टिअरिंग त्याच्याकडून काढून घेतलं.

"धावत्या गारीला वारा लागतोच," ती मला समजावायची. "गारी थांबली, रांगेत अडकली, की मग पंख्याचा काम. आनी मालाडच्या रस्त्यावर गारी धावते कवा, सांग मना."

 मार्वे रोडचा ट्रॅफिक मीही रोज बघत होते.

मालाडजवळच्या मालवणीतला आमचा मेकॅनिक तिला एक सोपी युक्ती सांगायचा. "काकी, एसी लावा ना. एसी लावला की पंखा लगेच फिरतो. झालं चेक. सकाळ-सकाळ पोरीला कशाला ताटकळत ठेवता?"

मी मनातून त्याला दुवा दिला. पण काकी बधणारी नव्हती.

"एसी लावला म्हंजे मी त्याला बोलवला. बोलवल्यावर कोन पन येतो. गारी तापल्यावर न बोलवता येतो का, तो बगायचा हाय."

मेकॅनिक हसायला लागला. "बरोबर आहे तुमचं. एसीने मोटर चालू आहे एवढंच कळतं, ताप ओळखणारा सेन्सर नाही कळत. पण एवढा टाइम कोणाकडे आहे यार?"

"माज्याकडं हाय," काकी म्हणाली. माझ्याकडे आहे का, हे कोणी विचारलं नाही.

तिचे नियम ठरलेले होते. गाडी घरापुढे उभी करून चालू ठेवायची आणि चहा प्यायचा. काटा मध्यावर आला की कप खाली ठेवायचा. तो जरा वर सरकला की मी बंपरपुढे. नुसतं ओरडून चालायचं नाही, हात वर झालाच पाहिजे. "आवाज वाऱ्यात जातो," ती म्हणायची. आणि सगळ्यात मोठा नियम असा की बॉनेट उघडलं, तर बॅटरीची तार काढल्याशिवाय पंख्याजवळ बोट न्यायचं नाही. गाडी बंद असली तरी तो पंखा आपल्या मर्जीने फिरू शकतो. बाजारात पोहोचून चावी काढली तरी ती लगेच मालाकडे वळत नसे. बॉनेटवर तळहात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "झोपू दे त्याला." एखाद्या तान्ह्या पोराला थोपटावं तसा तिचा तो हात असायचा.

इतर बाबतींतही ती चमत्कारिकच होती. आपण एक विचारावं आणि तिने भलत्याच गोष्टीचं उत्तर द्यावं, हे रोजचं. मी म्हणावं, "काकी, आज लाईट कधी येणार?" तर ती सांगायची, की बोंबील उन्हात पालथे घालू नयेत. मला वाटायचं, बाई आपल्याला हवं तेवढंच मनावर घेते. मुलाचा फोन आला की मोबाइल माझ्या हातात द्यायची. "तू बोल. मना त्याचा राग आयलाय." कसला राग, ते कधीच कळायचं नाही. मग मी इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगत बसायचे आणि दोघांचा संताप मधल्यामध्ये मला गिळावा लागायचा.

त्या फोनवरच्या भांडणाचा विषय बहुतेक वेळा एकच असे, गाडी. आईने आता गाडी चालवू नये, असं मुलाचं म्हणणं. वय झालंय, रस्त्यावर डंपर फिरतात, उद्या काही झालं तर? काकीला वाटायचं, त्याला तिच्या डोळ्यांवर शंका आहे. म्हणून तो आला की ती त्याला धरून जेट्टीवर न्यायची आणि पलीकडच्या वर्सोव्याच्या होड्यांचे रंग ओळखून दाखवायची. लायसन्ससाठी डॉक्टरने डोळे तपासले तेव्हा शेवटची ओळसुद्धा तिने घडाघडा वाचली होती, आणि ती चिठ्ठी तिने देवाच्या फोटोमागे खोचून ठेवली होती. मुलगा त्यामुळे अजून चिडायचा. शेवटी नातीचं लग्न ठरलं तेव्हा त्याने निक्षून सांगितलं.

"आये, लग्नापर्यंत चालव. लग्न झालं की गाडी विकायची. मी गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

 मग काकीने आपली अट घातली. लग्नाच्या दिवशी नातीला घरापासून मांडवापर्यंत तीच नेणार, याच गाडीतून. त्या दिवशी काही चुकलं, तर चावी त्याची. नाही चुकलं, तर विकायचं नाव काढायचं नाही. मुलाने मान्य केलं. मी दोघांकडे बघत होते आणि माझा कौल कुठे, ते मला पक्कं ठाऊक होतं. गाडी गेली तर ही बाई ओट्यावर बसून कोलंबी सोलत राहील आणि आतून संपेल, असं मला वाटत होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी पेट्या काढून सीट परत बसवली. गाडी इतकी घासली की तिचा मूळचा रंग दिसायला लागला. सकाळी काकीने स्वतः सजवायला घेतली. नारळी पुनवेला होडी सजवतात तशीच. झेंडूची जाड माळ होडीच्या तोंडाला घालतात, तशी तिने ती गाडीच्या तोंडाला घातली. पुढच्या जाळीवर आडवी, दुहेरी, वर आंब्याची पानं, खाली अबोलीचे गजरे. गाडी झकास दिसत होती. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून नावाजत होता. होडीच्या तोंडामागे लाकूड असतं आणि गाडीच्या तोंडामागे पंखा, हे त्या एका सकाळी आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. जिचं आयुष्य त्या पंख्याभोवती फिरत होतं, तिच्याही नाही.

वरात निघाली. पुढे बँड, बँडपुढे नाचणाऱ्या बायका, मागे गाडी. मागच्या सीटवर नात आणि करवल्या, काकीच्या बाजूला मी. मुलगा फेटा सांभाळत गाडीच्या बाजूने चालत होता. गल्ली अरुंद, ऊन कडक, आणि गाडी चालत्या माणसापेक्षाही हळू. बायका नाचायला थांबल्या की आम्ही थांबायचो. काकीने नवी साडी नेसली होती, पाठ ताठ, चेहऱ्यावर राणीसारखा रुबाब. मी काट्याकडे बघितलं. तो मध्य ओलांडून गेला होता. बँडच्या गलक्यात मला पंखा ऐकू येत नव्हता. येईल, असं म्हणत मी गप्प बसले. काकी तर काट्यावरून नजर काढतच नव्हती.

काटा लाल रेषेकडे निघाला. समोर वळण दिसत होतं, वळणापलीकडे शाळेचं मैदान आणि मैदानावर मांडव. अगदी थोडकं अंतर राहिलं होतं. दामटली असती तर गाडी पोहोचली असती. मग इंजिनचं जे व्हायचं ते लग्नानंतर झालं असतं, कोणाला कळलंही नसतं, आणि चावी काकीकडेच राहिली असती. तिने हे सगळं माझ्याआधी हेरलं असणार. तिने गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

"उतर गो," ती नातीला म्हणाली. "सावलीत बस."

मुलगा धावत आला. "काय झालं? मुहूर्त आहे ना, आये. आता कुठे थांबवतेस?"

"पंखा नाय लागला. चूक माजी हाय. मी फुलांची माल घातली जाळीवर."

हे ती इतक्या खणखणीतपणे म्हणाली की वरातीतल्या नवऱ्याकडच्या मंडळींनाही ऐकू गेलं. मुलाचा चेहरा लाल झाला. एवढ्या लोकांत वाट लागली म्हणून तो कोणावर तरी ओरडणार होता, आणि जवळ बँडवाले होते. "बंद करा रे ते," तो ओरडला. बँड थांबला. मग त्याने तावातावाने बॉनेट उघडलं. झेंडूचा दोरा जाळीतून आत ओढला जाऊन पंख्याच्या दांड्याला गच्च गुंडाळला गेला होता. पाती फुलांच्या लगद्यात रुतली होती. "एवढंच ना," म्हणून त्याने हात आत घातला.

काकीने त्या हातावर असा फटका मारला की त्याचा फेटा तिरका झाला. सगळी वरात बघत होती.  ती बॅटरीकडे गेली, तार ओढून काढली, आणि मगच त्याच्याकडे बघून मान हलवली.  मुलाने फेटा सरळ केला. बापाचा भाजलेला हात त्याने वर्षानुवर्षं पाहिलेला होता. मग तो शेजारच्या घरातून सुरी घेऊन आला आणि खाली वाकून एकेक वेढा कापायला लागला. काकी पाती फिरवून बघत होती, तो दोरा ओढत होता. बायकांनी तेवढ्यात सावलीत फेर धरला. मनोरीचा नवरदेव मांडव सोडून चौकशीला आला आणि कोणी न सांगता पाण्याची कळशी घेऊन उभा राहिला.

पाती मोकळी झाली. सगळं जरा निवल्यावर पाणी भरलं. काकीने तार परत लावली, बॉनेट मिटलं आणि मी चावी फिरवून इंजिन चालू केलं. आम्ही सगळे थांबलो. काटा चढला. बँड बंद, बायकाही गप्प, आणि त्या शांततेत आतून तो आवाज आला, घुर्रर्र. गल्लीतल्या पोरासोरांनाही ऐकू आला. माझा हात सवयीने वर गेला, पण मी आत बसले होते आणि काकी माझ्याकडे बघत नव्हती. ती मान खाली घालून, बॉनेटच्या कडेवर तळहात टेकवून उभी होती. मग तिने मुलाकडे बघितलं. त्याच्या ओठांकडे. आणि आयुष्यात प्रथमच हळू आवाजात विचारलं,

"लागला?"

पंखा तिच्यापुढे हातभर अंतरावर भणभणत होता.

 काकीला ऐकू येत नव्हतं. आजचं नव्हे, कधीपासूनचं. माझा रोजचा वर केलेला हात, माझ्या कानाला लावलेले तिचे फोन, बोंबलांची ती उत्तरं, बॉनेटवरचा तळहात, सगळं एकदम माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं ती माझ्या कानांनी गाडी चालवत होती, आणि आम्ही सगळे तिचे डोळे तपासत बसलो होतो.

मुलालाही कळलं. त्याच्या चेहऱ्यावरून ते सरळ दिसलं. आता हा ओरडणार, असं मला वाटलं. गाडीची शर्त तर तो जिंकलाच होता, वर हे.  पण तो तिच्या अगदी समोर आला, तिला ओठ नीट दिसतील असा, आणि म्हणाला,

"लागला, आये. मस्त लागला. बस गाडीत, तूच चालव."

त्याने बँडवाल्यांना खूण केली. उरलेली माळ काढून छतावर घातली. नात पुन्हा मागे बसली, मी बाजूला सरकले आणि काकी स्टिअरिंगवर आली. वरात पुढे सरकली. बाजूने चालणारा मुलगा आता गाडीच्या नाकाशी चालत होता, एक कान बॉनेटकडे लावून, फेट्याचं शेपूट खांद्यावर टाकून. पंखा लागला की तो हात वर करायचा. बंद झाला की खाली. बँडवाल्यांना वाटलं, साहेबही नाचतायत. काकीची नजर त्या हातावर होती. मी खिडकीबाहेर तोंड करून बसले, कारण मला रडू आवरत नव्हतं आणि लग्नाच्या गाडीत ते शोभलं नसतं.

मांडवापुढे तिने गाडी बंद केली. नात उतरली, सगळे तिच्याभोवती गोळा झाले. काकी आणि तिचा मुलगा मात्र गाडीपाशीच उभे राहिले. त्याचा हात अजून वर होता, कारण आत पंखा फिरत होता. थोड्या वेळाने त्याने तो हात खाली घेतला.

"झोपला," तो म्हणाला.

काकीने कमरेला खोचलेली चावी काढली आणि त्याच हातावर ठेवली, ज्यावर तिचा फटका बसला होता.

"विकू नको," ती म्हणाली. "सकाली ये. तू चालव, मी बाजूला बसतंय."

बोरिवलीहून मढला रोज सकाळी येणं कोणाला शक्य आहे? तो येतो. रोज नाही, पण येतो. मी आता मुलुंडला राहते. परवा त्यांना भेटायला गेले होते. निघताना तो म्हणाला, मालाडपर्यंत सोडतो. गाडी चालू केली आणि मी सवयीने दार उघडायला गेले, तर त्याने मला अडवलं.

"थांब ना, काय घाई आहे?" तो म्हणाला. "पुढे जाऊन उभी राहा. तिला तुझा हात दिसू दे."

बाजूच्या सीटवर काकी काचेतून माझ्याकडे बघत होती. मी बंपरपुढे जाऊन उभी राहिले.